मृत्युपत्र ऑनलाइन लिहिता येते. पूर्ण होते ते दोन साक्षीदारांसमोर

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांतील अनेक कुटुंबांचा संसार दोन ठिकाणी विभागलेला आहे. गावी वडिलोपार्जित घर, थोडी भातशेती, डोंगरउतारावरची वरकस जमीन आणि चार आंब्या-फणसाची झाडे. तर मुंबई, ठाणे किंवा पनवेलकडे नोकरी, सदनिका आणि बँकेतील ठेवी. घरातील वडीलधारी मंडळी गावात आणि मुले शहरात, अशी स्थिती असल्याने कागदपत्रांची कामे मोबाइलवर उरकण्याकडे साहजिकच कल वाढला आहे. सातबारा घरबसल्या मिळतो, भाडेकराराची नोंदणी ऑनलाइन होते, भविष्य निर्वाह निधीचे वारसनामांकन आधारच्या ई-स्वाक्षरीने पूर्ण होते. मग मृत्युपत्रही तसेच का होऊ नये, असा प्रश्न अनेकांना पडतो. काही खासगी संकेतस्थळे प्रश्नावली भरून घेऊन काही मिनिटांत मृत्युपत्राचा मसुदा देतातही.

या सोयीचा उपयोग जरूर आहे. मात्र तिची मर्यादा वेळीच समजली नाही, तर मृत्युपत्र केल्याच्या समाधानात राहिलेल्या माणसाच्या पश्चात कुटुंबाच्या हाती कायद्याने शून्य किमतीचा कागद उरण्याचा धोका आहे. संगणकावर तयार होतो तो केवळ मसुदा. त्याचे मृत्युपत्र होण्यासाठी कागद, शाई आणि दोन जिवंत साक्षीदार आजही आवश्यक आहेत.

आपत्तींनी दिलेला धडा

मृत्युपत्राचा विषय निघाला की 'असले अभद्र कशाला बोलता' असे म्हणून तो टाळला जातो. परंतु सावित्रीच्या खोऱ्याने गेल्या दोन दशकांत जे पाहिले, ते लक्षात घेता हा विषय म्हातारपणासाठी राखून ठेवणे योग्य ठरत नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह अनेक प्रवासी पुरात नाहीसे झाले. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरच्या आंबेनळी घाटात दापोली कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरातील तारिक गार्डन ही इमारत जमीनदोस्त झाली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. तळियेतील शोधकार्य थांबले तेव्हा अनेकांचे मृतदेह हाती लागलेले नव्हते.

अशा दुर्घटनांत एकाच घरातील दोन-तीन पिढ्या एकदम नाहीशा होतात. आधी कोणाचा मृत्यू झाला हे ठरवता येत नसेल, तर हिंदू वारसा अधिनियम, १९५६ च्या कलम २१ नुसार वयाने धाकटी व्यक्ती मोठ्या व्यक्तीच्या नंतर मरण पावली असे गृहीत धरले जाते. मालमत्ता कोणाकडून कोणाकडे आणि तेथून पुढे कोणत्या शाखेकडे जाणार, हे त्या एका गृहीतकावर फिरू शकते. मृत्युपत्रात ज्याला मालमत्ता द्यायची तोच आधी मरण पावला, तर ती तरतूद सर्वसाधारणपणे बाद होते. म्हणून 'माझ्या पश्चात सर्व पत्नीला' एवढे एकच वाक्य पुरेसे नसते. पत्नी हयात नसल्यास पुढे कोणाला, हेही लिहून ठेवावे लागते. चांगल्या ऑनलाइन प्रश्नावलीचा खरा फायदा येथे दिसतो. पर्यायी लाभार्थी कोण, अज्ञान मुलांचा सांभाळ कोण करणार, मृत्युपत्राची अंमलबजावणी कोणी करायची, हे सहसा न सुचणारे प्रश्न ती विचारते.

ई-स्वाक्षरी का चालत नाही?

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला आणि डिजिटल स्वाक्षरीला कायद्याची मान्यता दिली. मात्र याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काही दस्तऐवज वगळले असून त्यांत मृत्युपत्राचा स्पष्ट उल्लेख आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने या अनुसूचीत बदल केले. स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करार त्या वेळी या यादीतून बाहेर आला. मृत्युपत्र मात्र यादीत कायम राहिले. त्यामुळे आधारच्या ओटीपीने 'स्वाक्षरी' केलेले, ई-मेलने पाठवलेले किंवा केवळ मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेले मृत्युपत्र हिंदू, बौद्ध, जैन, शीख, ख्रिस्ती वा पारशी व्यक्तीसाठी वैध ठरत नाही.

वैधतेच्या अटी भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ मध्ये आहेत आणि त्या अवघड नाहीत. मृत्युपत्र करणाऱ्याने त्यावर सही किंवा अंगठा करावा. किमान दोन साक्षीदारांपैकी प्रत्येकाने ती सही होताना पाहिलेली असावी किंवा 'ही सही माझीच' अशी कबुली त्याच्याकडून प्रत्यक्ष घेतलेली असावी. त्यानंतर प्रत्येक साक्षीदाराने त्याच्यासमोर स्वतःची सही करावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. तथापि तसे असणे सुरक्षित. मुलगा व्हिडिओ कॉलवर मुंबईहून पाहत होता आणि त्याने नंतर कुरिअरने आलेल्या कागदावर सही केली, या पद्धतीवर विसंबून राहता येणार नाही.

परदेशांत याबाबत वेगवेगळे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील नेवाडा राज्याने २००१ मध्येच इलेक्ट्रॉनिक मृत्युपत्राला मान्यता दिली. इंग्लंड आणि वेल्समध्ये करोनाकाळात व्हिडिओवरून साक्ष करण्याची तात्पुरती मुभा देण्यात आली होती. ती ३१ जानेवारी २०२४ रोजी संपली. भारतात अशी सवलत दिली गेली नाही. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला नमुना येथे जसाच्या तसा वापरणे धोक्याचे आहे. त्यांतील काही कलमे आपल्याकडे निरर्थकही असतात. उदाहरणार्थ, मृताच्या मालमत्तेवरील इस्टेट ड्यूटी भारतात १९८५ मध्येच रद्द झाली आहे.

द्यायचे काय, हे आधी ठरवा

महाड-पोलादपूरच्या दृष्टीने मसुद्यापेक्षा अधिक कठीण प्रश्न वेगळाच आहे. जे द्यायचे ते आपले किती? ऑनलाइन अर्जात 'मालमत्तेचे वर्णन' असा एक रकाना असतो. तेथे 'गावची सर्व जमीन' असे लिहून पुढे जाता येते. परंतु वादाचे बीज तेथेच पेरले जाते.

येथील अनेक सातबारा उताऱ्यांवर आजोबा-पणजोबांची नावे किंवा चुलत-चुलत भावंडांची सामाईक खाती आढळतात. सामाईक जमिनीत फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, भावाचा नव्हे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतही हिंदू वारसा अधिनियमाच्या कलम ३० मुळे स्वतःच्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करता येते. हा हिस्सा मोजताना मुलींना वगळता येत नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. सासरी गेलेल्या मुलीचा हक्क मृत्युपत्रात तिचे नाव न लिहिल्याने संपत नाही. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेबाबत मात्र वडिलांना पूर्ण मोकळीक असते.

कोकणातील दुसरी अडचण कुळकायद्याची आहे. कूळ म्हणून मिळालेल्या जमिनीच्या सातबारावर 'इतर अधिकार' या रकान्यात अनेकदा कलम ४३ चा शेरा असतो. अशी जमीन परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही. मृत्युपत्र हे हस्तांतरण आहे काय, यावर दीर्घकाळ वाद होता. गुजरातमध्ये लागू असलेल्या याच १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये त्याचे उत्तर दिले. कलम ४३ आणि ६३ यांचे निर्बंध मृत्युपत्रालाही लागू होतात, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजेच कुळाची जमीन सांभाळ करणाऱ्या परक्या व्यक्तीला किंवा शेतकरी नसलेल्या स्नेह्याला मृत्युपत्राने लिहून दिल्यास ती तरतूद टिकणे कठीण. महाराष्ट्राने २०१४ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, कुळाने जमीन खरेदी केल्यास दहा वर्षे झाली असतील, तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून हा निर्बंध दूर करता येतो. मृत्युपत्र लिहिण्यापूर्वी हे काम उरकलेले बरे. भोगवटादार वर्ग-२ च्या अन्य जमिनींबाबतही तहसील कार्यालयात चौकशी करणे इष्ट.

गावठाणातील घराची गोष्ट आणखी निराळी. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे. तो मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांचे ड्रोनने मोजमाप होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या गावाची पत्रिका तयार झाली असेल, तर मृत्युपत्रात तिचाच क्रमांक लिहावा.

या सर्व माहितीसाठी ऑनलाइन सोय खऱ्या अर्थाने उपयुक्त आहे. महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि ८अ उतारा अल्प शुल्कात मिळतो. 'आपली चावडी'वर फेरफाराच्या नोटिसा पाहता येतात. 'ई-हक्क' प्रणालीतून वारसनोंदीसाठी अर्ज करता येतो. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम हाती घेतली, यावरूनच प्रलंबित नोंदींचा प्रश्न किती मोठा आहे याची कल्पना येते. आजोबांचे नाव अद्याप उताऱ्यावर असेल, तर आधी वारसनोंद आणि मग मृत्युपत्र, हाच क्रम सोयीचा.

या दिरंगाईची किंमत किती मोजावी लागते, हे मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाच्या उदाहरणावरून समजू शकते. भूसंपादनाचा मोबदला देताना प्रथम अभिलेखातील नावे पाहिली जातात. हिश्श्यांवरून वाद उपस्थित झाल्यास राष्ट्रीय महामार्ग अधिनियमानुसार तो दिवाणी न्यायालयाकडे निर्णयासाठी जातो, आणि जमीन गेल्यावरही पैसा हाती येत नाही.

नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे

बँकेत, भविष्य निर्वाह निधीत किंवा गृहनिर्माण संस्थेत नॉमिनी नेमला म्हणजे मृत्युपत्राची गरज उरली नाही, हा समज सर्वत्र आढळतो. नॉमिनी हा पैसा किंवा समभाग स्वीकारणारा असतो. मालक कोण हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी समभाग व रोख्यांबाबत हेच तत्त्व मान्य केले. सहकारी गृहनिर्माण संस्थेतही नॉमिनीला, वारस निश्चित होईपर्यंत, तात्पुरता सदस्य म्हणून स्थान मिळते.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नॉमिनी नेमता येतात. ही सोय अवश्य घ्यावी. मात्र नॉमिनी आणि मृत्युपत्रातील लाभार्थी शक्यतो एकच ठेवावेत. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या मुलाने लग्नापूर्वी आईचे नाव दिले आणि पुढे ते बदललेच नाही, अशा स्थितीत त्याच्या पश्चात सासू-सुनेत वाद उभा राहण्यास वेळ लागत नाही.

धर्माप्रमाणे नियम बदलतात

महाड परिसरात कोकणी मुस्लिम समाजाची जुनी वस्ती आहे. मुस्लिम वैयक्तिक कायद्याखाली मृत्युपत्र, म्हणजे वसीयत, लेखीच असले पाहिजे असे नाही. तोंडी वसीयतही होऊ शकते. परंतु अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग वारसांच्या संमतीवाचून मृत्युपत्राने देता येत नाही. सुन्नी पंथीयांत एखाद्या वारसालाच जादा हिस्सा द्यायचा झाल्यास इतर वारसांची संमती लागते. संकेतस्थळाची प्रश्नावली धर्म किंवा लागू असलेला वैयक्तिक कायदा विचारतच नसेल, तर त्या मसुद्यावर विसंबू नये.

नोंदणी करावी काय?

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. त्यावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क लागत नाही; साध्या कागदावरही ते करता येते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे आणि तो आवश्यकही नाही. तरीही ज्या घरात मतभेदाची शक्यता आहे, तेथे दुय्यम निबंधक कार्यालयात केलेली नोंदणी उपयोगी पडते. तेथे मृत्युपत्र करणाऱ्याचे छायाचित्र, अंगठ्याचा ठसा आणि हजेरीची नोंद होते. दस्ताची माहिती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधी भरून ठेवता येते आणि वेळही आरक्षित करता येते. मात्र सही आणि ठशासाठी स्वतः जावेच लागते.

पोलादपूरच्या दुर्गम वाडीवस्तीतील वृद्ध किंवा आजारी व्यक्तीला हे शक्य नसेल, तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३१ नुसार विशेष कारणास्तव निबंधकाने घरी येण्याची तरतूद आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो. नोंदणी केली म्हणजे मजकूर गावभर होईल, ही भीतीही निराधार आहे. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याची प्रत त्याच्याशिवाय किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीशिवाय कोणालाही दिली जात नाही. सीलबंद लिफाफ्यात ते जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय कायद्यात आहे. नोंदणी राहून गेली असेल, तर मृत्यूनंतरही व्यवस्थापक किंवा लाभार्थी ते नोंदणीसाठी सादर करू शकतो.

नोंदणीकृत मृत्युपत्रही नंतर बदलता येते. शेवटचे वैध मृत्युपत्र खरे, मग ते नोंदवलेले असो वा नसो. म्हणून प्रत्येक मृत्युपत्रावर तारीख हवी आणि 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे वाक्यही हवे.

साक्षीदार आणि प्रोबेट

न्यायालयात मृत्युपत्र सिद्ध करताना साक्षीदार हयात व उपलब्ध असेल, तर किमान एकाची साक्ष घ्यावी लागते. त्यामुळे साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान, सहज सापडणारे आणि मालमत्तेत काहीही न मिळणारे असावेत. गावातील डॉक्टर किंवा शिक्षक ही चांगली निवड ठरते. वय अधिक असल्यास त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. ते सक्तीचे नसले तरी मानसिक स्थितीबद्दलची शंका दूर करते. सही करतानाचे चित्रीकरणही पूरक पुरावा म्हणून ठेवता येते. मात्र ते सहीची जागा घेऊ शकत नाही.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर, याबाबतही गैरसमज आहेत. केवळ रायगड जिल्ह्यातील मालमत्तेसाठी हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती पूर्वीही नव्हती. मुंबई शहरातील सदनिकेसाठी ती होती; परंतु संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय वारसा अधिनियमातील कलम २१३ वगळल्याने ही सक्ती संपली. वाद असल्यास न्यायालयाचा दरवाजा अर्थातच खुला आहे.

थोडक्यात क्रम असा

• सातबारा, ८अ, मिळकत पत्रिका, सदनिकेचा करार, ठेवी, विमा आणि कर्जे यांची यादी करावी. प्रलंबित वारसनोंदी आधी पूर्ण कराव्यात.

• 'इतर अधिकार' रकान्यातील शेरे वाचून घ्यावेत. कूळ किंवा वर्ग-२ ची जमीन असल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा.

• मसुदा ऑनलाइन करावा किंवा हाताने लिहावा. भाषा करणाऱ्याला समजणारी असावी. इंग्रजी मसुदा असल्यास तो मराठीत समजावून दिल्याची नोंद त्यात असावी.

• अनोळखी संकेतस्थळावर आधार क्रमांक, बँक खात्याचे तपशील किंवा पासवर्ड देऊ नयेत. मृत्युपत्रातही पासवर्ड लिहू नयेत.

• छापील प्रतीच्या प्रत्येक पानावर सही करावी आणि शेवटी दोन साक्षीदारांच्या सह्या, पूर्ण नावे व पत्ते घ्यावेत.

• मूळ प्रत कोठे आहे, हे किमान एका विश्वासू माणसाला सांगून ठेवावे.

शेवटची सूचना सर्वांत सोपी आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. पूर आणि दरडीच्या मुलखात मूळ कागद घरातील लाकडी पेटीत ठेवणे पुरेसे नाही. २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा घराघरांतील कागदपत्रे चिखलात गेली. नोंदणीकृत मृत्युपत्राची प्रत सरकारी दप्तरातून पुन्हा मिळू शकते. न नोंदवलेल्या मृत्युपत्राचा मूळ कागद गेला, तर ते सिद्ध करणे फार कठीण होऊन बसते. गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईकर मंडळी गावी येतात, तेव्हा सारे कुटुंब एकत्र असते आणि साक्षीदारही जवळ असतात. मोबाइलवर तयार करून ठेवलेला मसुदा छापून त्यावर सही करण्यास त्याहून सोयीचा दिवस शोधण्याचे कारण नाही.